तात्याचं रक्त आणि पंचशीला डॉक्टर

आमच्या पंचशीला डॉक्टरला गोड बोलता येत नाही. ही तक्रार नव्हे, नुसती माहिती आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने मनाची तयारी करून जावं म्हणून सांगते.

मीरा रोड स्टेशनवरून शेअर रिक्षाने आलात की झेरॉक्सवाला आणि केकवाला यांच्या मधल्या गाळ्यात तिचा जनावरांचा दवाखाना दिसेल. पाटीवर कुत्रा, मांजर आणि पोपट रंगवलेत. पोपट पेंटरने इतका गुबगुबीत काढलाय की लोक कोंबडी समजून आत येतात आणि अंडी आहेत का म्हणून विचारतात. दाराशी टेबल टाकून तिची आई, सरोजाबाई, बसलेल्या असतात. नंबर त्या लावतात आणि हाक पेशंटच्या नावाने मारतात. आमच्या कुत्र्याचं नाव तात्या. "तात्या, या आत," असं त्या म्हणाल्या की बाकावरची नवीन माणसं एखादे धोतरवाले आजोबा उठतील म्हणून इकडेतिकडे बघत राहतात.

माणसं मूळची हिंगोलीकडची. पंचशीलाचे वडील इथल्या पाणीखात्यात नोकरीला लागले आणि कुटुंब इथलंच झालं. मुलगी डॉक्टर झाली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली, डॉक्टर झाली खरी पण ढोरांची. सरोजाबाई अजून त्या बोलण्याचा राग काढतात. "माणसांचा डॉक्टर पेशंटलाच विचारतो, कुठं दुखतंय म्हणून," त्या मला एकदा म्हणाल्या. "माझ्या लेकीचा पेशंट सांगतो का काही? तिला लै डोकं लावावं लागतं, ताई." हे म्हणताना त्या समोरच्या मांजरीच्या पिंजऱ्यावर ओढणी घालत होत्या, कारण शेजारचा लॅब्रॅडोर तिच्याकडे टक लावून बघत होता.

पंचशीला पस्तिशीची असेल. केस कापलेले, आवाज खणखणीत. इतर डॉक्टर "काही नाही हो, होईल बरं" म्हणतात तिथे ही सरळ सांगते, "माहीत नाही अजून." पहिल्यांदा तिने मला हे ऐकवलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, मग आम्ही काय ज्योतिषाकडे जायचं का? ती म्हणाली, "जा ना. कुत्र्याला मात्र इथे ठेवून जा." त्या दिवसापासून आमचं छान जमतं. मलाही गोड बोलता येत नाही.

तिची आणखी एक रीत आहे. जनावराचा आजार अवघड दिसला की ती घरातल्या माणसांना एकेक करून आत बोलावते. नवरा बाहेर, बायको आत. मग बायको बाहेर, सासू आत. प्रत्येकाला एकच प्रश्न, याला काय काय खायला घातलंत? सगळ्यांसमोर विचारलं की प्रत्येक घर म्हणतं, फक्त चिकन-भात. एकेकट्याला विचारलं की चकल्या बाहेर पडतात, श्रीखंड बाहेर पडतं, एका आजींनी तर गुडघ्याची गोळी दिली होती, कुत्रा लंगडतो म्हणून. या रीतीमुळे दोन घरांत भांडणं झाली आणि एका घरात दोन दिवस अबोला होता असं ऐकून आहे, पण तिने रीत काही सोडली नाही.

आता तात्याविषयी. तात्या कॉकर स्पॅनियल, लांब कानांचा. आमच्या मुलीने, क्षितिजाने, हौसेने आणला आणि नोकरी लागल्यावर कंगव्यासकट आमच्या पदरात टाकून पुण्याला गेली. पिल्लाचं ते पोक्त तोंड बघून आमचे दशरथराव म्हणाले, हा तर आमच्या गुहागरच्या तात्यांसारखा दिसतो. नाव तिथेच ठरलं. दशरथराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले. परळची खोली विकून आम्ही इकडे आलो त्याला आता वीस वर्षं होतील, पण या गृहस्थांनी सोसायटीत वीस माणसांशीही ओळख केली नसेल. बोलायचं ते तात्याशी. सकाळी बाल्कनीत दोघं बसणार, हे पेपर मोठ्याने वाचणार आणि तात्या ऐकणार. अग्रलेख सुरू झाला की तात्या झोपायचा. त्याची अक्कल त्यातच दिसते.

गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमाराला तात्या मलूल झाला. जिना चढताना मध्येच बसायला लागला. मग त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली. दशरथरावांनी निदान केलं, कावीळ. आणि कावीळ म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला दवाखाना आठवत नाही, माळ आठवते. लहानपणी त्यांची कावीळ माळेने उतरली होती म्हणे. बारीक काड्यांची ती माळ गळ्यात घालायची, ती रोज थोडी थोडी लांब होते, आणि जितकी लांब होईल तितकी कावीळ उतरली असं समजायचं. काड्या सुकल्या की गाठी सैल पडतात आणि माळ वाढते, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मी तसं बोललेही. पण हा माणूस एरवी कधी हट्ट करत नाही, आणि केला की मग ऐकत नाही.

हे बस पकडून जवळच्या तारोडी गावाला गेले. तिथे एक म्हातारा अशा माळा देतो. "कुत्र्याला कवा दिली न्हाय," तो म्हणाला म्हणे, "पन त्याला बी जीव हाय. घाला." तात्याच्या गळ्यात माळ पडली. तेल-तूप बंद, उसाचा रस सुरू. रोज सकाळी दशरथराव माळेखाली चार बोटं घालून बघत आणि समाधानाने म्हणत, "उतरतेय गं." माळ खरोखरच वाढत होती. खोटं कशाला बोलू, मीही एकदा वाकून बघितलं. चौथ्या दिवशी माळ तात्याच्या छातीपर्यंत आली आणि तात्या पाण्याच्या भांड्यापर्यंतही जाऊ शकला नाही.

पंचशीलाने माळ बघितली आणि बोटाने बाजूला सारली. तात्याचा ओठ वर करून तिने हिरडी दाखवली. हिरडी कागदासारखी पांढरी होती, कडेला पिवळसर. अंगठ्याने दाबून सोडली तरी रंग परत आला नाही.

"कधीपासून?"

"चार दिवस," मी म्हटलं.

"चार दिवस तुम्ही माळ मोजत बसलात?" ती दशरथरावांकडे वळून म्हणाली. "काका, ही यकृताची कावीळ नाही. याचं रक्त आतल्या आत फुटतंय, त्याचा पिवळा रंग आहे हा. चार दिवसांपूर्वी आणला असता तर याच्या अंगात आत्ता दुप्पट रक्त असतं."

तिने रक्त काढलं. बारीक नळीत भरून यंत्रात गरगर फिरवलं आणि नळी उजेडात धरली. तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पाणी राहतं. जवळजवळ निम्मी नळी तांबडी हवी होती. तळाला थोडासा तांबडा भाग होता आणि वर सगळं हळदीचं पाणी. मग तिने काचेवर रक्ताचा एक थेंब घेतला, त्यात सलाइन घातलं आणि काच हलवून आम्हाला दाखवली. रक्त पसरायला हवं होतं, पण नासलेल्या दुधासारखे त्याचे कण झाले होते आणि कितीही हलवलं तरी ते सुटेनात.

"बहुतेक याचं शरीरच याच्या पेशी मारतंय," ती म्हणाली. "सोसायटीच्या वॉचमनने सोसायटीच्याच माणसांना गेटवर झोडपावं, तसं. पण 'बहुतेक'वर मी थांबणार नाही. गोचीडतापाने रक्त फुटतं, काही औषधांनी फुटतं, कांद्या-लसणानेही फुटतं. दोन गोष्टी एकदमही असू शकतात. काकू, तुम्ही आत थांबा. काका, तुम्ही बाहेर."

मी शपथेवर सांगितलं की कांदा नाही. पहिल्या लसीच्या दिवशीच पंचशीलाने आम्हाला बजावलं होतं, कुत्र्याला कांदा विष आहे. तेव्हापासून तात्याच्या भातात मी कांद्याचं साल पडू दिलं नाही. मग तिने माझ्याकडून शेजारच्या मिनलबेनचा नंबर घेतला, कारण तात्याचा दुपारचा मुक्काम त्यांच्या दारात असतो. मिनलबेन फोनवर रडायलाच लागल्या. "डॉक्टर, थेपला दिया है, रोज दिया है, मैं झूठ नहीं बोलूँगी. लेकिन कांदा-लसूण तो हमारे घर में आता ही नहीं. अमे जैन छीए!" पंचशीलाने त्यांना गप्प केलं, थेपला चालतो म्हणून सांगितलं आणि मला बाहेर काढलं.

मग दशरथराव आत गेले. दवाखान्याचं मधलं दार प्लायवुडचं आहे. मी काही कान लावून बसले नव्हते, पण बाकच दाराला टेकलेला आहे त्याला मी काय करणार? त्यांचा आवाज आला.

"पोहे खातो तो माझ्याबरोबर. सकाळी. माझ्या बशीतले."

"कांदेपोहे?"

"हो."

"किती दिवस?"

"पहिल्यापासून. ती आंघोळीला गेली की."

मग त्यांनी विचारलं, "त्याने झालं का हे?"

आणि पंचशीला म्हणाली, "शक्य आहे."

मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की सांगता येत नाही. बाई गं, म्हण की "छे हो काका, तेवढ्याने काय होतंय!" म्हातारा माणूस आहे, कुत्रा त्याचा जीव आहे, एक खोटं बोललीस तर तुझी डिग्री काढून घेणार आहेत का कुणी? सरोजाबाईंनी माझं तोंड बघितलं आणि चहा मागवला. "ती अशीच हाय," त्या म्हणाल्या. "तिच्या बापाला शुगर निघाली तवा बी असंच तोंडावर बोलली." मी चहाला हात लावला नाही.

औषधं तिने तिथल्या तिथे सुरू केली, थांबायला वेळ नव्हता. पण सगळ्यात निकड रक्ताची होती. पंचशीलाने काशीमीऱ्याला एका गॅरेजवाल्याला, शिवाला, फोन लावला. त्याच्याकडे शेरा नावाचा कुत्रा आहे, वासराएवढा, आणि हायवेवरचे ट्रकवालेसुद्धा त्याला वळसा घालून जातात. शिवा त्याला टेम्पोत घालून तासाभरात घेऊन आला. एवढा आडदांड प्राणी, पण पंचशीलासमोर निमूट आडवा झाला आणि मान पुढे केली. "इसका ये तीसरा टाइम है मॅडम," शिवा अभिमानाने म्हणाला. कुत्र्याला पहिल्या खेपेला दुसऱ्याचं रक्त बहुधा चालून जातं, असं पंचशीलाने सांगितलं. बहुधा. संध्याकाळपर्यंत रक्त थेंब थेंब तात्याच्या अंगात जात होतं आणि शेरा दाराशी बसून सरोजाबाईंनी उकडलेली अंडी खात होता. मी शेराला नमस्कार केला. लोक बघत होते, बघू देत.

मला गोष्ट ताणून धरायला आवडत नाही, म्हणून सांगूनच टाकते, तात्या जगला. आज तो माझ्या पायाशी घोरतोय. औषधाने भूक इतकी वाढली की त्याने एकदा पायपुसणं खाल्लं, आणि पाणी इतकं प्यायला की घरभर मीच पोछा घेऊन फिरत होते. गोळ्या महिनोन् महिने हळूहळू कमी करत आणल्या. "बरा झाला का?" विचारलं की पंचशीला म्हणते, "आज ठीक आहे. उलटू शकतं." तिला काय, सवयच आहे.

पण मला सांगायचं होतं ते दशरथरावांचं.

त्या संध्याकाळी तात्याला घरी आणलं. दिवसा दवाखान्यात सलाइन आणि रात्री घरी असं ठरलं होतं. मी त्याला गादीवर ठेवलं आणि म्हटलं, अहो, जरा याचे पाय नीट करा, मी पाणी आणते. दशरथराव हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसले होते. म्हणाले, "तू कर. माझे हात नकोत त्याला."

मला वाटलं, दमलेत. पण दुसऱ्या दिवशीही तेच. रिक्षात तात्याला मी मांडीवर घेतलं, हे पुढे ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसले. गोळी मी भरवली. सकाळी पेपर घडी न मोडता पडून होता. सगळ्यात वाईट म्हणजे तात्याला ते कळत होतं. मान उचलायची ताकद नव्हती त्याच्यात, पण डोळे यांच्याकडे लागलेले. हे त्याच्याकडे बघतही नव्हते. हाताला काही लागल्यासारखे दोन्ही पंजे मांडीखाली दाबून बसायचे. पोह्यांवरून मी चांगली तासभर खरडपट्टी काढणार होते, सगळं बोलणं मनात तयार होतं. ते सगळं माझ्या घशातच राहिलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण या माणसाची मला पहिल्यांदा भीती वाटली. तात्या गेला असता तर दशरथराव पुन्हा कुणाला हात लावणार नाहीत, असंच मला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी पंचशीलाने दोघांनाही एकदम आत बोलावलं. असं ती कधी करत नाही. टेबलावर तात्या पडला होता, पायात सुई. तिचे डोळे लाल झालेले.

"काका, इकडे या. यातून बघा."

दशरथराव मायक्रोस्कोपला वाकले.

"काय दिसतंय?"

"ठिपके."

"चांगली पेशी मेदूवड्यासारखी असते, मध्ये फिकट. याच्या बघा, लहान आणि भरीव, बटाटेवड्यासारख्या. शरीराने कुरतडल्या की अशा होतात. आता ही दुसरी काच, निळ्या रंगाची. कांद्याने पेशी बिघडली की तिच्या कडेला एक बारीक पुटकुळी येते, ती या रंगात दिसते. मी डोळे दुखेपर्यंत शोधली. एक नाही. म्हणून काच मोठ्या लॅबला पाठवली, त्यांनाही दिसली नाही. शिवाय कांद्याने रक्त अशा गुठळ्या धरत नाही. गोचीडतापाचा रिपोर्ट आलाय, तो नाही. सोनोग्राफीत गाठ नाही. हा शरीराचा स्वतःचाच आजार आहे."

"मग तो कशाने झाला?"

"कारण सापडलं नाही. पुष्कळदा सापडत नाही. या जातीच्या कुत्र्यांत जरा जास्त होतो."

दशरथराव सरळ उभे राहिले. चष्मा काढून पुसला. खालच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

पंचशीलाने हातातली काच खाली ठेवली.

"काका, तुम्ही चार दिवस वाया घालवलेत, त्याचा मला अजून राग आहे. तो मी कमी करून सांगितला का? नाही ना? पोहे पुन्हा दिलेत तर इथे पाऊल ठेवू देणार नाही. बरं वाटावं म्हणून बोलायला मला येत नाही, आईला विचारा. तुमच्या पोह्यांनी हे झालं असतं तर मी तुमच्या तोंडावर सांगितलं असतं. नाही झालं. तुमच्या हाताने हे झालेलं नाही."

तीन दिवस मी हिच्या फटकळ जिभेला मनातल्या मनात शिव्या देत होते. दुसऱ्या कुणी गोडबोल्या डॉक्टरने हेच सांगितलं असतं तर या माणसाने मान हलवली असती आणि मनातून एक अक्षर खरं मानलं नसतं. हिचं मानावंच लागलं. मी तिच्याकडे बघितलं आणि मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण ती माझ्या मुलीच्या वयाची आहे.

दशरथरावांनी विचारलं, "म्हणजे मी हात लावू?"

पंचशीलाला आधी कळलंच नाही. ती माझ्याकडे बघायला लागली. मी नुसतं सांगितलं, "तीन दिवस लावला नाहीये त्यांनी." ती बाजूला सरली आणि टेबलाजवळ जागा करून दिली.

दशरथराव पुढे गेले. हात तात्यापर्यंत न्यायलाही त्यांना वेळ लागला. तळवा टेबलावर उताणा ठेवून ते म्हणाले, "तात्या." एवढंच.

तात्याने डोळे उघडले नाहीत. नाकाने जरा हुंगलं, मान कशीबशी पुढे सरकवली आणि हनुवटी त्या तळव्यावर टेकवून अंगातला सगळा भार त्यांच्यावर सोडून दिला.